पाणी परत येतं, जमीन येत नाही

लास व्हेगासच्या हॉटेलात एखादा पाहुणा अर्धा तास शॉवरखाली उभा राहिला, तर शहराच्या पाण्याच्या हिशेबात जवळपास काहीच फरक पडत नाही. त्याच शहरात कुणी घरासमोरच्या हिरवळीवर दहा मिनिटं जास्त फवारा चालू ठेवला, तर मात्र फरक पडतो. ऐकायला हे उलटंच वाटतं. पण हे कोडं सुटलं की वाळवंटातलं शहर वाढतं कसं, निसर्गाशी त्याचा व्यवहार कुठे जमतो आणि कुठे फसतो, यातलं बरंचसं उलगडतं.

अमेरिकेतल्या नेवाडा राज्याचं दक्षिणेकडचं टोक म्हणजे क्लार्क काउंटी. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. लास व्हेगास याच काउंटीत आहे आणि सगळा प्रदेश मोहावी वाळवंटात मोडतो. वर्षभरात जेमतेम 100 मिलिमीटर पाऊस पडतो. जुलै 2024 मध्ये इथे पारा 48.9 अंशांवर गेला, तो आजवरचा उच्चांक. अशा जागी 1990 मध्ये साडेसात लाखांपेक्षा थोडे कमी लोक राहत होते. 2020 च्या जनगणनेत ते साडेबावीस लाखांच्या वर गेले. तीस वर्षांत तिप्पट! शिवाय दरवर्षी चार कोटींच्या आसपास पर्यटक येतात ते वेगळेच.

अशा ठिकाणाबद्दल बोलताना ‘पर्यावरण की विकास’ हा प्रश्न लगेच पुढे येतो. मला तो प्रश्न फारसा उपयोगाचा वाटत नाही. दोन्ही शब्द इतके मोठे आहेत की त्यांच्या आड खरा हिशेब दडून राहतो. क्लार्क काउंटीत तो हिशेब मुख्यतः दोन गोष्टींचा आहे, पाण्याचा आणि जमिनीचा. दोन्ही तुटपुंज्या आहेत, पण दोन्हींचा स्वभाव अगदी वेगळा आहे. तो वेगळेपणा लक्षात घेतला नाही, तर एकीकडे मिळालेल्या यशावरून दुसरीकडेही सगळं ठीक चाललंय असा समज होतो.

आधी पाणी. लास व्हेगासला लागणाऱ्या पाण्यापैकी सुमारे 90 टक्के कोलोरॅडो नदीचं आहे. ही नदी अमेरिकेतल्या सात राज्यांची आणि पुढे मेक्सिकोची तहान भागवते. 1922 मध्ये या राज्यांच्या प्रतिनिधींनी नदीचं पाणी वरच्या आणि खालच्या खोऱ्यात वाटून घेण्याचा करार केला. 1928 च्या कायद्याने खालच्या खोऱ्यातल्या तीन राज्यांचे वाटे पक्के झाले. कॅलिफोर्नियाला वर्षाला 44 लाख एकर-फूट, ॲरिझोनाला 28 लाख आणि नेवाडाला फक्त 3 लाख. एकर-फूट म्हणजे एक एकर जमिनीवर एक फूट उंच उभं राहील एवढं पाणी. आपल्या ओळखीच्या मापात सांगायचं तर हे वाटे सुमारे 192, 122 आणि 13 टीएमसी एवढे होतात.

नेवाडाला इतकं कमी का? कारण वाटणी झाली तेव्हा तिथे मागणारंच कुणी नव्हतं. 1920 च्या जनगणनेत लास व्हेगासची वस्ती अडीच हजारसुद्धा भरली नव्हती. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या गावाच्या मापाने कापलेला सदरा आज साडेबावीस लाखांच्या शहराच्या अंगावर आहे. तो उसवून मोठा करून घ्यायला बाकीची राज्यं तयार होणार नाहीत, कारण नदीतच पाणी कमी होत चाललंय. 1935 मध्ये बांधून झालेल्या हूवर धरणामागचा मीड जलाशय हे या नदीवरचं सगळ्यात मोठं साठवण. 2021 मध्ये तिथे इतिहासात पहिल्यांदा अधिकृत टंचाई जाहीर झाली, आणि 2022 च्या उन्हाळ्यात जलाशय भरायला लागल्यापासूनची सगळ्यात खालची पातळी त्याने गाठली. काठच्या डोंगरांवर पांढरा पट्टा दिसतो. एके काळी पाणी तिथवर होतं.

आता सुरुवातीचं कोडं. घरातलं, हॉटेलातलं, दवाखान्यातलं सांडपाणी गटारातून शुद्धीकरण केंद्रात जातं. तिथे स्वच्छ झालेलं पाणी लास व्हेगास वॉश नावाच्या ओढ्यात सोडलं जातं आणि उतारानेच वाहत पुन्हा मीड जलाशयात पोचतं. जितकं पाणी परत गेलं, तितकं नेवाडाच्या खात्यावर जमा धरलं जातं आणि ते पुन्हा उचलता येतं. म्हणजे 13 टीएमसी ही उचलण्याची मर्यादा नव्हेच. ‘उचललेलं वजा परत केलेलं’ यावरची ती मर्यादा आहे. बँकेतून काढलेले पैसे संध्याकाळी तसेच भरले, तर शिल्लक कमी होत नाही. शॉवरचं पाणी असं फिरत राहतं.

हिरवळीवरचं पाणी मात्र फिरून येत नाही. काही गवत पितं, काही रखरखत्या हवेत उडून जातं, काही मुरतं. खात्यात त्यातलं काहीच परत येत नाही. त्यामुळे या शहरात पाणी वाचवायचं म्हणजे नळ बारीक करायचा असा अर्थ होतच नाही. उघड्यावर, उन्हात किती पाणी पडतंय तेवढंच मोजायचं. एक गंमतीशीर परिणामही यातून निघतो. अंघोळीचं पाणी बागेला वळवणं ही इतरत्र चांगली सवय मानली जाते. इथे त्याने फायदा होत नाही, कारण जे पाणी जलाशयात परत गेलं असतं, तेच तुम्ही उन्हात उडवून टाकता. चांगली सवय कोणती, हे त्या जागेचं पाणी कुठून कसं वाहतं त्यावर ठरतं. पर्यावरणाच्या चर्चेत ही साधी गोष्ट फार वेळा निसटते.

लोकांचा राग सहसा झगमगत्या हॉटेलांवर आणि त्यांच्या कारंज्यांवर निघतो. पण बेलाजिओ हॉटेलसमोरचं ते प्रसिद्ध तळं तिथल्या जुन्या गोल्फ मैदानाच्या विहिरीच्या पाण्यावर चालतं. कोलोरॅडोतून ते भरत नाहीत. आणि हॉटेलातल्या खोल्यांचं पाणी बहुतेक सगळं जलाशयात परत जातं. खरा खर्च होता तो घरांपुढच्या, कचेऱ्यांपुढच्या आणि रस्त्यांच्या मधोमध लावलेल्या गवताचा. त्यातलं बरंचसं गवत असं की कापणाऱ्या माणसाखेरीज त्यावर कुणाचं पाऊलच पडत नव्हतं.

इथल्या उन्हात एक चौरस फूट हिरवळीला वर्षाला सुमारे 275 लिटर पाणी लागतं. तेवढ्याच जागेत वाळवंटी झुडपं आणि खडी टाकून ठिबक लावलं, तर 70 लिटरच्या आसपास भागतं. 1991 मध्ये स्थापन झालेल्या सदर्न नेवाडा जल प्राधिकरणाने या फरकालाच किंमत दिली. गवत काढा, चौरस फुटामागे रोख पैसे घ्या, आणि पुन्हा लावणार नाही असं लिहून द्या. आजवर 20 कोटी चौरस फुटांहून जास्त, म्हणजे साडेचार हजार एकरांवरचं गवत असं उखडलं गेलंय. पुढे पैशांना कायद्याची जोड मिळाली. नव्या घरांपुढे हिरवळ लावायला 2003 पासूनच बंदी होती. 2021 मध्ये राज्याने आणखी कडक कायदा केला. त्यानुसार 2027 सुरू झाल्यावर रस्त्याकडेच्या, कचेऱ्यांच्या आणि वसाहतींमधल्या नुसत्या शोभेच्या गवताला कोलोरॅडोचं पाणी देता येणार नाही. स्वतंत्र घरांची अंगणं या कायद्यातून वगळली आहेत.

याचं फळ दिसतं. 2002 मध्ये दक्षिण नेवाडाचा निव्वळ वापर वाट्याच्याही वर गेला होता. त्यानंतर साडेसात लाखांहून जास्त माणसं वाढली, आणि तरीही 2023 मध्ये वापर 9 टीएमसीच्या खाली आला. लोकसंख्या वर, पाणी खाली. ‘वाढ झाली की नासाडी होणारच’ असं म्हणणाऱ्यांनी हा आलेख डोळ्यांखालून घालावा.

या यशाने आणखी एक मोठं काम केलं, ज्याची चर्चा फार होत नाही. 1989 पासून या शहराच्या डोक्यात एक वेगळी योजना होती. राज्याच्या पूर्व भागातल्या दूरच्या दऱ्यांमध्ये जमिनीखालचं पाणी उपसायचं आणि सुमारे 300 मैलांच्या नळाने ते लास व्हेगासला आणायचं. त्या दऱ्यांतले पशुपालक, शोशोनी आणि गोशूट हे मूळचे रहिवासी, पर्यावरणवाले, शेजारचं यूटा राज्य, सगळे तीस वर्षं कोर्टकचेऱ्यांत लढले. तिथले झरे आटले असते, ओलावा गेला की झाडोरा गेला असता. 2020 मध्ये प्राधिकरणाने ती योजना गुंडाळली. तीस वर्षांच्या लढाईचा त्यात मोठा हात आहे, हे खरं. पण शहराला त्या पाण्याची गरजच उरली नाही, हेही तितकंच खरं. अंगणातलं गवत उखडल्यामुळे कित्येक मैल दूरच्या दरीतला झरा वाचला, असं म्हटलं तर ते फार चुकीचं ठरू नये.

परत जाणाऱ्या पाण्याचीही किंमत मोजावी लागते, हेही सांगायला हवं. लास व्हेगास वॉश हा मुळात पावसाळी ओहोळ. शहर फुगलं तसा त्यात बारमाही, जोराचा प्रवाह आला. पात्र खोल कापत गेलं, काठ ढासळले आणि गाळ जलाशयात जाऊ लागला. 1970 च्या दशकात तिथे सुमारे 2,000 एकर पाणथळ होती, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस 200 एकरांच्या आसपास उरली. मग एकामागोमाग 21 बंधारे घालून पाण्याचा वेग मोडला, काठांवर झाडं लावली, पक्षी परत आले. दुखणं शहरानेच दिलं होतं, उपचारही शहराने केला. पाण्याच्या बाबतीत असं करता येतं. बिघडलेलं बरंचसं दुरुस्त होतं.

जमिनीचं तसं नाही.

वाळवंट म्हणजे उजाड, रिकामी जागा, तिथे घरं बांधली तर कुणाचं काय जाणार, असं बाहेरच्या माणसाला सहज वाटतं. मोहावीच्या मातीवर अगदी पातळ जिवंत साल असते. सूक्ष्म जीव, शेवाळं, दगडफूल यांनी विणलेली. तीच माती धरून ठेवते. एकदा चाकाखाली चिरडली की ती पुन्हा जमायला दशकं लागतात, काही ठिकाणी शतकंही. 1942 ते 1944 या काळात अमेरिकी सैन्याने या वाळवंटात रणगाड्यांचा सराव केला होता. त्या रणगाड्यांच्या पट्ट्यांच्या खुणा आजही ओळखू येतात. आणि साल फुटली की धूळ उडते. ती धूळ शेवटी शहरातल्याच लेकराबाळांच्या छातीत जाते. म्हणून इथे जमीन उकरायची तर धूळ आवरण्याचा वेगळा परवाना काढावा लागतो.

याच मातीत मोहावीचं वाळवंटी कासव बिळं करून राहतं. आयुष्यातला 95 टक्के वेळ ते जमिनीखाली असतं. उन्हाळ्यात उन्हापासून आणि हिवाळ्यात थंडीपासून ते बिळातच आसरा घेतं. पाऊस पडला की पोटभर पाणी पितं आणि मूत्राशयात साठवून ठेवतं. तीच त्याची विहीर. कुणी कौतुकाने उचलून घेतलं आणि ते घाबरलं, तर ते साठवलेलं सगळं पाणी सोडून देतं. मग पुढचा पाऊस येईपर्यंत ते तहानेने मरू शकतं. म्हणून तिथे रस्त्यात कासव दिसलं तरी हात लावू नका असं सांगतात. ते पन्नास ते ऐंशी वर्षं जगतं, पण मादीला अंडी घालण्याजोगं व्हायला तेरा ते वीस वर्षं लागतात. अंड्यांतून निघालेल्या पिल्लांपैकी फार थोडी मोठी होतात. पिल्लाची पाठ बरीच वर्षं मऊ असते आणि डोमकावळे ती सहज फोडतात.

हे कावळे तसे मूळचेच. पण शहराने कचऱ्याचे ढीग दिले, गळणारं पाणी दिलं, घरट्यांसाठी विजेचे मनोरे दिले. त्यांची संख्या भरमसाट वाढली. त्यामुळे शहराची हद्द जिथे संपते तिथे शहराचा परिणाम संपत नाही. कुंपणाच्या पलीकडे, एकही वीट न लागलेल्या वाळवंटातही कासवाचं पिल्लू शहरामुळे मरतं. त्यात बाहेरून आलेल्या गवतांची भर पडली. ही गवतं झुडपांमधल्या मोकळ्या जागा भरून टाकतात, वाळली की पेटतात, आणि वणवा कधी माहीत नसलेलं वाळवंट जळतं.

ऑगस्ट 1989 मध्ये केंद्र सरकारने तातडीचा आदेश काढून या कासवाला संरक्षण दिलं. एप्रिल 1990 मध्ये ते कायमचं झालं. 1973 च्या धोक्यातल्या प्रजातींच्या कायद्यानुसार अशा प्राण्याला मारणं, इजा करणं, त्याचा अधिवास मोडून त्याचा जीव घेणं गुन्हा ठरतो. लास व्हेगास तेव्हा देशातल्या सगळ्यात वेगाने वाढणाऱ्या शहरांपैकी एक होतं. जिथे तिथे पाया खणायचं काम चाललेलं आणि जिथे तिथे कासवं. बांधकामं अडली, बिल्डर कोर्टात गेले.

तोडगा निघाला तो कायद्याच्याच एका कलमातून. 1982 च्या दुरुस्तीने अशी सोय केली होती की, मुख्य हेतू कायदेशीर असेल आणि प्राण्याची हानी केवळ त्या ओघात होणार असेल, तर ‘आनुषंगिक हानीचा’ परवाना मिळू शकतो. मुख्य अट अशी की, भरपाई म्हणून अधिवास जपण्याची पक्की योजना द्यायची आणि तिला लागणारा पैसा दाखवायचा. प्रत्येक बिल्डरने आपापल्या प्लॉटसाठी असा परवाना काढायचा म्हटलं, तर वर्षानुवर्षं गेली असती, आणि कासवांसाठी इथे दोन एकर, तिथे पाच एकर असे निरुपयोगी तुकडे राहिले असते. म्हणून काउंटीने सगळ्यांच्या वतीने एकच परवाना घेतला. आधी छोट्या मुदतीची योजना आणि 1995 ची योजना झाली. पुढे 2001 मध्ये तीस वर्षांचा परवाना मिळाला, 78 प्रजातींसाठी. त्यात कासवाबरोबर सरडे, पक्षी आणि जिप्समच्या मातीतच उगवणारी पिवळी अस्वल-खसखससुद्धा आहे. त्याबदल्यात 1,45,000 एकरांवर बांधकाम करायला मोकळीक मिळाली.

व्यवहार असा. एक एकर जमीन उकरायची तर 550 डॉलर भरायचे. पैसे भरले की बिल्डर मोकळा. त्याला प्लॉटवर कासवांचे तज्ज्ञ आणायला नकोत, दिल्लीदरबारी, म्हणजे इथे वॉशिंग्टनला, खेटे घालायला नकोत. जमलेल्या पैशांतून काउंटी महामार्गांच्या कडेने कासवं चढू नयेत अशी जाळी लावते, गस्त घालते, चराईचे हक्क गुरं पाळणाऱ्यांकडून विकत घेऊन बंद करते, अभ्यास करवते. बोल्डर सिटीजवळच्या दरीत 86 हजार एकरांहून जास्त सलग जमीन या योजनेखाली राखून ठेवली आहे. तिथे घरं होणार नाहीत, गाड्या वाट सोडून फिरवायच्या नाहीत.

या व्यवस्थेबद्दल मला आदर आहे. भांडणाच्या जागी तिने नियम आणला आणि काय, किती, कुठे हे लिहून ठेवलं. बिल्डरला खात्री मिळाली आणि कासवाला तुकड्यांऐवजी सलग रान मिळालं. पण तिच्यातल्या तीन दुबळ्या जागा डोळ्यांआड करता येत नाहीत.

पहिली म्हणजे किंमत. या शहरात एक एकर जमीन काही लाख डॉलरना विकली जाते. तिथे 550 डॉलर ही रक्कम कुणाचा निर्णय बदलू शकत नाही. शिवाय पूर्ण 1,45,000 एकरांचा हिशेब केला तरी तीस वर्षांत सुमारे आठ कोटी डॉलर होतात. एवढ्यात एक अख्खं वाळवंट सांभाळायचं.

दुसरी जागा जास्त खोल आहे. क्लार्क काउंटीतली जवळपास नऊ दशांश जमीन केंद्र सरकारची. शहराला वाढायचं तर ती लिलावात विकत घ्यावी लागते. 1998 च्या कायद्याने ठरवलं की या लिलावाचा पैसा दक्षिण नेवाडातच राहावा. 5 टक्के शिक्षणाला, 10 टक्के जल प्राधिकरणाला आणि 85 टक्के उद्यानं, पायवाटा, अधिवास, संवेदनशील जमिनी अशा कामांना. त्यातून तीन अब्ज डॉलरहून जास्त रक्कम जमली. इतकी सरळ व्यवस्था दुसरीकडे सहसा दिसत नाही. पण नीट पाहा. संवर्धनाचा पैसा येतो वाळवंट विकून, आणि एकरामागचं शुल्क येतं वाळवंट उकरून. म्हणजे जितकं जास्त मोडाल तितकं जास्त जपायला मिळेल, आणि मोडणं थांबलं की जपणंही थांबेल.

आणि ते तसं थांबलंही. लास व्हेगासच्या दक्षिणेला कासवांचं एक संवर्धन केंद्र होतं. बांधकामातून वाचवलेली आणि पाळणाऱ्यांनी आणून सोडलेली कासवं तिथे ठेवत. त्याचा बराच खर्च जमिनीवरच्या शुल्कातून निघे. 2008 च्या मंदीत घरबांधणी कोसळली, शुल्काचा ओघ आटला. 2013 मध्ये बातमी आली की केंद्र बंद होणार आणि आजारी कासवांना मारून टाकावं लागेल. देशभर हळहळ झाली, देणग्या आल्या, पण 2014 च्या अखेरीस केंद्र बंद झालंच. कासवाला मंदी कळत नाही. बांधकाम थांबलं म्हणून त्याला लागणारी जाळी, गस्त, औषधपाणी थांबवता येत नाही. चांगल्या वर्षांत पैसा बाजूला टाकून त्याच्या व्याजावर काम चालवलं, तर हा धोका कमी होतो. ही अक्कल सगळ्यांनाच आहे. पण भरभराटीच्या वर्षांत ती कुणाला आठवत नाही.

तिसरी जागा म्हणजे निकाल. पाण्याचा निकाल दरवर्षी मीटरवर दिसतो. कासवांचा लवकर दिसत नाही. मोहावीतल्या कासवांचे सांभाळणुकीसाठी पाच विभाग केले आहेत. 2004 ते 2014 या दहा वर्षांच्या मोजणीत पाचपैकी चार विभागांत प्रौढ कासवं कमी झाली, एकातच वाढली. राखीव क्षेत्रांतसुद्धा ही घट आहे. म्हणजे कागदावर जमीन वाचवली तरी कावळे, रोग, वणवे, दुष्काळ कुंपण ओलांडून आत येतातच.

यात आता आणखी एक पेच आलाय, आणि तो मला सगळ्यात अवघड वाटतो. हवामान बदल थांबवायला सौरऊर्जा हवी. सौरऊर्जेला सपाट, उन्हाळी, मोकळी जमीन हवी. कासवाला नेमकी तीच हवी. राज्याच्या सीमेपलीकडे, कॅलिफोर्नियातल्या इव्हनपाह दरीत 2010 मध्ये 3,500 एकरांवर प्रचंड सौर प्रकल्पाचं काम सुरू झालं. अंदाजापेक्षा कितीतरी जास्त कासवं निघाली आणि 2011 मध्ये काही काळ काम थांबवावं लागलं. 2021 मध्ये पाहरम्पजवळच्या यलो पाइन प्रकल्पासाठी 139 प्रौढ कासवं उचलून शेजारच्या रानात सोडली. दुष्काळाचं वर्ष होतं. काही आठवड्यांत त्यांतली सुमारे तीस मेली, बहुधा बिज्जूंनी खाल्ली. कासव हलवणं म्हणजे खुर्ची हलवणं नव्हे. त्याला आपली बिळं, पाणी साचणारे खळगे, शेजारी, सगळं पाठ असतं. नव्या जागी ते वेड्यासारखं भटकतं, आणि भटकणारं कासव म्हणजे सोपी शिकार.

जेमिनी नावाच्या 690 मेगावॅटच्या सौर प्रकल्पात वेगळा मार्ग धरला. 2024 मध्ये तो पूर्ण झाला. तिथे जमीन सपाट खरवडली नाही. झुडपं मुळासकट न उपटता वरून छाटली, मातीची घडण शक्य तितकी राखली, आणि बांधकाम आटपल्यावर कासवांना परत येता यावं अशी कुंपणं ठेवली. ते किती जमलं हे ठरायला बरीच वर्षं लागतील. पण खरवडण्यापेक्षा छाटणं बरं, यात वाद नाही. आणि छतांवर, वाहनतळांवर, आधीच मोडलेल्या जमिनींवर आधी सौर पॅनेल लावा, अखंड वाळवंटाला शेवटी हात घाला, ही तिथल्या लोकांची मागणीही मला रास्त वाटते, जरी तशी वीज थोडी महाग पडत असली तरी.

पाण्याच्या यशालाही एक सावली आहे, किंवा खरं म्हणजे सावलीच नाही, ही अडचण आहे. हिरवळीला पाणी देणं थांबलं तेव्हा तिच्याच पाण्यावर जगणारी झाडंही सुकली. 2024 मध्ये या काउंटीत उष्णतेमुळे पाचशेहून जास्त माणसं दगावली. त्यांत रस्त्यावर राहणारे बेघर होते, घरातली वातानुकूलन यंत्रं बंद पडलेले म्हातारे होते. झाडाखालची फूटभर सावली अशा वेळी शोभेची गोष्ट राहत नाही. गवत काढा पण झाडाच्या मुळाशी ठिबक ठेवा, हे ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात गवताचा नळ बंद करणाऱ्याला झाडाची वेगळी नळी टाकायचे पैसे आणि उमेद दोन्ही लागतात. झाड लावण्यासाठीही आता प्राधिकरण पैसे देतं. पण आपण पाण्याचा हिशेब मांडताना सावलीचा रकाना ठेवला नव्हता, हे उशिरा कळलं, आणि गरीब वस्त्यांना ते जास्त भोवलं.

पुढची वाढ कुठे होणार, याचा वाद आता चालू आहे. दरीतली जागा संपत आली. हजारो एकर केंद्रीय जमीन बांधकामाला खुली करायची आणि त्याबरोबर वीस लाख एकरांच्या आसपास वाळवंटाला कायमचं संरक्षण द्यायचं, असं विधेयक काही वर्षांपासून अमेरिकी काँग्रेसपुढे फिरतंय. त्याबाजूने आणि विरोधात दोन्हीकडे पर्यावरणवादी आहेत. इव्हनपाह दरीच्या नेवाडाकडच्या भागात दुसरा मोठा विमानतळ करायचा बेत आहे. इथे पाणी आणि जमीन हे दोन्ही हिशेब एकमेकांना येऊन भिडतात. लास व्हेगासचं सांडपाणी उताराने मीड जलाशयात जातं, कारण शहर त्या दरीत आहे. डोंगर ओलांडून पलीकडे वस्ती गेली की तिथलं पाणी आपोआप परत येत नाही. ते उपसून, चढवून आणावं लागतं, नाहीतर खात्यातून कायमचं जातं. म्हणजे ज्या युक्तीवर या शहराची सगळी भिस्त आहे ती त्या डोंगराच्या अलीकडेच चालते. आणि पलीकडे कासवं आहेत.

काउंटी आता परवाना वाढवून मागते आहे, जास्त वर्षांसाठी आणि जास्त एकरांसाठी. जुन्या परवान्याची मुदत 2031 मध्ये संपते. तो मिळाला त्या वर्षी अंड्यातून बाहेर आलेली मादी आतापर्यंत कावळ्यांच्या, गाड्यांच्या आणि वणव्यांच्या तावडीतून सुटली असेल, तर अलीकडेच कधीतरी तिने पहिली अंडी घातली असतील. त्यांतून निघालेली पिल्लं स्वतः अंडी घालायच्या वयाची होतील तेव्हा 2031 मागे पडलेलं असेल.